भाकरीच्या घरातला रॉटवायलर

ज्वारीची पोती मोजायला आमच्याकडे वजनकाटा आहे. त्यावर ब्रुनोला पहिल्यांदा उभं केलं तेव्हा तो ४६ किलो भरला. तो उतरल्यावर मी चढले, ५३. म्हणजे फरक सात किलोंचा. त्यात त्याला पाय चार आणि मला दोन. हा हिशेब आमच्या चिरंजीवांनी आधी केला असता तर बरं झालं असतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याला पुण्यात नोकरी लागली, तिथल्या घरमालकाने 'कुत्रा चालणार नाही' म्हणून सांगितलं आणि 'आई, दोन महिने सांभाळ फक्त' म्हणत तो गाडीत बसला. ते दोन महिने अजून चालू आहेत.

जुळे सोलापुरात आमचं बैठं घर. मागे अंगण आणि अंगणाच्या टोकाला पत्र्याची शेड, तिथे माझा कडक भाकरीचा धंदा. पहाटे पाचला सहा बायका येतात. मालदांडी ज्वारीचं पीठ काठवटीत मळायचं, थापायचं, भाजायचं आणि मग मंद आचेवर पापडासारखी कडक होईपर्यंत ठेवायची. ऊन चढायच्या आत थापणं उरकावं लागतं, कारण मेमध्ये पत्र्याखाली बसणं म्हणजे स्वतःच भाजून निघणं. अशा घरात रॉटवायलर.

पिल्लू आणलं ते लॉकडाऊनच्या वर्षी, डिसेंबरमध्ये. तेव्हा तो पायपुसण्याएवढा होता आणि सगळ्यांना गोड वाटायचा. घरी कुणी येत नव्हतं, आम्ही कुठे जात नव्हतो. पुढे काम जोरात सुरू झालं तेव्हा मुलगा त्याला गच्चीवरच्या खोलीतच ठेवायचा, 'बायकांना त्रास नको' म्हणून. यात आमची केवढी चूक झाली ते मागाहून कळलं. पिल्लाच्या साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात जी माणसं, जे आवाज, जे वास त्याच्या समोरून जातात, ते त्याला पुढे जन्मभर ओळखीचे वाटतात. ब्रुनोच्या त्या आठवड्यांत आम्ही तिघं आणि तोंडाला मास्क बांधलेला दूधवाला, एवढंच जग होतं.

मुलगा गेल्यावर चौथ्याच दिवशी मी त्याला फिरायला नेलं. पट्ट्याची दोरी मनगटाला दोन वेढे देऊन घट्ट धरली होती. हे कुणीही करू नये. समोरून शेळ्यांचा कळप आला. ब्रुनो भुंकला नाही, गुरगुरला नाही, सरळ निघाला. मी त्याच्यामागे, आधी पायांवर आणि मग कोपरावर. तो कळपाच्या एका बाजूला जाऊन उभा राहिला आणि खांद्याने एका बोकडाला ढोसायला लागला. शेळ्यावाला मात्र शांत. मला उठवत म्हणाला, "बाई, हे चावायलं नाही ओ, हाकायलंय."

दुसऱ्या दिवशी माझ्या हाताचं बँडेज बघून दोन बायका कामावर आल्याच नाहीत. शहराच्या पूर्व भागातून येणारी आमची अक्का तेलुगू बोलणारी. ती दारातच 'कुक्का, कुक्का' करत पदर सावरून उभी. थोरल्या मावशींना ब्रुनो हे नाव तोंडात बसेना. त्या म्हणाल्या, "बुरणूस म्हणा की सरळ. काळाभोर, केसाळ आन् जड." चादरींच्या गावात जाड लोकरी पांघरुणाचं ते नाव त्याला चिकटलं ते चिकटलंच.

शेळ्यावाल्याचं बोलणं डोक्यात राहिलं होतं. ओळखीतून एक काका मिळाले, श्वानपथकात नोकरी करून निवृत्त झालेले. ते आले, अंगणात खुर्ची टाकून बसले आणि अर्धा तास ब्रुनोकडे बघितलंसुद्धा नाही. ब्रुनो आधी लांब उभा राहिला, मग एक चक्कर मारून वास घेतला आणि शेवटी येऊन त्यांच्या मांडीला टेकून बसला. काका म्हणाले, "ताई, ही जात अशीच. आधी बघणार, मग ठरवणार. घाई केलीत तर त्याच्या मनात तुमच्याबद्दल वाईट मत होणार."

मग त्यांनी जात समजावली. रॉटवाइल हे जर्मनीतलं जुनं गाव. तिथले खाटीक गुरं बाजारात हाकायला आणि मांसाच्या गाड्या ओढायला हे कुत्रे ठेवायचे. परतताना पैशाची थैली कुत्र्याच्याच गळ्यात बांधायचे, असं सांगतात. रेल्वे आली, गुरं रस्त्याने न्यायची बंद झाली आणि कुत्र्यांचं काम गेलं. जात संपायच्या वाटेवर होती, पण १९१० च्या सुमाराला तिथल्या पोलिसांनी त्यांना कामाला घेतलं आणि ती टिकली. सोलापुरात गिरण्या बंद पडताना पाहिलेल्या माणसाला ही गोष्ट फार समजावून सांगावी लागत नाही.

पण त्यातलं कामाचं काय, तर गुरं हाकणारा कुत्रा अंग वापरतो. रेलतो, खांदा लावतो, वाट अडवतो. ब्रुनो माझ्या मागून येऊन गुडघ्यावर सगळा भार टाकायचा, ते मला लाडात येणं वाटायचं आणि बायकांना अंगावर येणं. दोन्ही थोडं थोडं खरं होतं.

मला वाटलं होतं, काका त्याला बायकांशी दोस्ती करायला शिकवतील. मावशींच्या हातून बिस्किट वगैरे. त्यांनी साफ नाही म्हटलं. "सहा जणींनी याचे लाड करायची गरज नाही. याने त्यांच्याकडे दुर्लक्ष करायला शिकायचं आणि त्यांनी याच्याकडे. बास." मला तेव्हा हे रुक्ष वाटलं होतं. आज कुणी विचारलं तर मी पहिलं हेच सांगते.

अंगणात शहाबादी फरशी आहे, दोन-दोन फुटांची. शेडच्या दाराला जाळी लावली. दारापासून अकराव्या फरशीवर ज्वारीच्या पोत्यांचं जाड गोणपाट अंथरलं, त्याचं नाव 'जागा'. ब्रुनो जागेवर, शेजारी पाटावर मी, मांडीवर उकडलेल्या चिकनचे तुकडे. शेडमध्ये थापायचा आवाज सुरू झाला की तो कान टवकारून बायकांकडे बघायचा. बघू द्यायचं. मग तो आपणहून माझ्याकडे वळला की एक तुकडा. हाक मारायची नाही, दोरी ओढायची नाही. पहिल्या दिवशी तो सव्वा मिनिट बायकांकडेच बघत राहिला. मी घड्याळ लावून बसले होते म्हणून माहीत.

बायकांना घातलेल्या अटी जास्त कठीण निघाल्या. त्याच्या डोळ्यांत बघायचं नाही, शुकशुक करायचं नाही, भाकरीचा तुकडा टाकायचा नाही, घाबरलात तरी पळायचं नाही. थोरल्या मावशी म्हणाल्या, "बघायचं नाही म्हटलं की बघावंच वाटायलंय." दोन दिवस नीट गेले तर गोणपाट एक फरशी पुढे. तो उठून उभा राहिला, अंग ताठ झालं, शेपूट वर गेली, की दोन फरश्या मागे. अकरा फरश्यांना आम्हाला दोन महिने लागले. सातव्या फरशीवर तर आम्ही इतके दिवस अडकलो की अक्का आली की आधी विचारायची, "आज सातच का?" ती विचारायला लागली यातच निम्मं काम झालं होतं, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. न आलेल्या दोघींपैकी एक परत आली. दुसरी नाही आली, आणि तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

फिरण्याची कथा छोटी आहे. दोरी ताणली की मी खांबासारखी उभी. सैल सोडली की पुढे. पहिल्या दिवशी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत जायला चाळीस मिनिटं लागली आणि दुकानदाराला वाटलं मला चक्कर येतेय. छातीवर कडी असलेला पट्टा आणला, त्याने बराच फरक पडला. ओढलं की कुत्र्याचं तोंड आपल्याकडेच वळतं.

तोंडाच्या जाळीवरून मुलाशी फोनवर भांडण झालं. त्याला तो ब्रुनोचा अपमान वाटत होता. मी म्हटलं, तू इथे येऊन अपमान सांभाळ. पिंजऱ्यासारखी मोठी जाळी घ्यायची, आत तोंड उघडून धापा टाकता आल्या पाहिजेत, पाणी पिता आलं पाहिजे. कापडी पट्टीने तोंड आवळून बांधतात ती आपल्या हवेत जिवावर बेतेल. जाळीच्या आत दही लावायचं आणि समोर धरायची. तो स्वतः तोंड घालतो, चाटतो, बाहेर येतो. जाळीचा पट्टा बांधला तो तिसऱ्या आठवड्यात. आता जाळी दिसली की दह्याच्या आशेने धावत येतो.

आणखी एक गोष्ट काकांनी बजावली होती, गुरगुरण्यावर ओरडायचं नाही. गुरगुरणं ही नोटीस असते. नोटीस द्यायला बंदी केली की कुत्रा सरळ दातांवर येतो. रॉटवायलरची पंचाईत अशी की तो सुखातही घुरघुरतो, मांजरासारखा पण घागरीतून आल्यागत. हा फरक मला वाचून कळला नाही, अक्कानं सांगितला. एक पोटातून येतं, तेव्हा कान सैल असतात आणि अंग मऊ. दुसरं दातांतून येतं आणि अंग थांबतं. अंग थांबणं महत्त्वाचं.

पहिल्या वर्षातला सगळ्यात वाईट दिवस मात्र चावण्याचा नव्हता, शेंगाचटणीचा होता. भाकरीबरोबर आम्ही चटणीही विकतो. पाकिटं भरून झाली होती, मी फोनवर, दार उघडं. आले तर फरशीवर प्लास्टिकचे तुकडे आणि लाल मिश्या घेऊन बसलेला ब्रुनो. अर्धा किलो तरी गेली असावी. तिखटाचं मला आधी सुचलं, पण खरी भीती लसणाची. कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि त्याची लक्षणं लगेच नाही, काही दिवसांनी दिसतात. शेंगदाण्याच्या तेलाने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते ते वेगळंच. शेजारचे म्हणाले मीठ-पाणी पाजा, उलटी होईल. ते करायचं नाही, मिठानेच विषबाधा होते. रिक्षावाला त्याला घेईना, शेवटी भाकरी पोचवायच्या टेम्पोतून अर्ध्या तासात डॉक्टरांकडे नेला. त्यांनी इंजेक्शन देऊन उलटी करवली. पुढे पाच दिवस मी सकाळ-संध्याकाळ त्याचा ओठ वर करून हिरड्या बघत होते, फिकट पडतात का, आणि लघवी लालसर होते का. काही झालं नाही. त्या दिवसापासून चटणीला कुलूप. बेदाणेही कुलपात, द्राक्षाच्या जिल्ह्यात घरोघरी बेदाणे असतात आणि कुत्र्याच्या मूत्रपिंडाला ते घातक, हे किती जणांना ठाऊक असतं?

जेवण आता दोन वेळा, मधे संध्याकाळी थोडं. एकदम मोठं ताट नाही, आणि जेवल्यावर तासभर उड्या नाहीत. खोल छातीच्या कुत्र्यांचं पोट फुगून जठराला पीळ बसतो. उलटीचे उमाळे येतात पण पडत काही नाही, पोट नगाऱ्यासारखं होतं. तसं दिसलं तर सकाळची वाट बघायची नसते. हे आम्हाला अजून भोगावं लागलेलं नाही.

भोगावा लागला तो उन्हाळा. काळं अंग, आत मऊ केसांचा आणखी एक थर, आणि घाम येतो तो जेमतेम पंजांना. बाकी सगळी भिस्त धापांवर. मी पहाटे चारला उठून त्याला फिरवून आणायची आणि मग बायकांना दार उघडायची. दुपारी भिजवलेल्या गोणपाटावर, पंख्याखाली. पण एका मे महिन्यात, पारा ४३ वर, यांनी त्याला संध्याकाळी सहाला बाहेर नेलं. ऊन उतरलं होतं, डांबर उतरलं नव्हतं. हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवून बघायची, टेकवत नसेल तर परत फिरायचं, हे मी यांना सांगितलेलं होतं, असं माझं म्हणणं. यांचं म्हणणं वेगळं आहे.

पंधरा मिनिटांत परत आले ते ब्रुनोला जवळजवळ ढकलतच. जीभ एका बाजूला लोंबलेली, लाळ चिकट, हिरड्या विटेसारख्या लाल, मागचे पाय लटपटत होते. गुदद्वारात थर्मामीटर लावला, १०४.८. कुत्र्याचं नेहमीचं १०१ ते १०२.५ असतं. आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, आणि तो नेमका कोरडा दिवस. पिठासाठी राखलेला पिंप होता, तो उपडा केला. पोटावर, जांघेत, पंजांवर, तांब्या-तांब्याने. समोर मोठा पंखा. यांनी मायेने ओली चादर आणून त्याच्यावर घातली, ती मी ओढून फेकली. ओलं जाड कापड अंगावर राहिलं की आतली वाफ कोंडते, अंग निववायचं सोडून ते अंगाला शेकतं. सोलापूरची चादर कितीही चांगली असली तरी इथे तिचा उपयोग नाही. १०३ वर आल्यावर पाणी थांबवलं, नाहीतर ताप फार खाली उतरतो, आणि तसाच डॉक्टरांकडे नेला. त्यांनी रात्रभर सलाइन लावलं. दुसऱ्या दिवशी पिठाला पाणी नव्हतं, भाकरी बंद. बायकांनी खाडा धरू नका म्हणून मला ऐकवलं, मी धरला नाही.

त्याच पावसाळ्यात गोचीड-ताप झाला. दोन दिवस अन्न सोडलं, नाकातून रक्ताचा थेंब आला, प्लेटलेट उतरलेल्या. २८ दिवस डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या, पोटात अन्न असतानाच. तेव्हापासून आठवड्यातून एकदा बोटांच्या बेचक्या आणि कानामागची बाजू तपासते.

मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याचं परिपत्रक आलं. 'धोकादायक' म्हणून २३ जातींची यादी, तीत रॉटवायलर. विक्री-पैदाशीला मनाई आणि आधीपासून पाळलेल्यांची नसबंदी. गल्लीत दोघांनी बातमी मोबाईलवर आणून दाखवली, एकाने थोड्या आनंदाने. मुलगा फोनवर रडवेला, "आई, कुणाला देऊन टाकायचा का?" मी विचारलं, कुणाला? पुढे एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं, पण तोवर आम्ही नसबंदी करून टाकली होती. तो साडेतीन वर्षांचा होता, वाढ पूर्ण झालेली. त्याचं मला वाईट वाटत नाही.

परिपत्रकावर हसणाऱ्यांत मी कधी नव्हते, आणि त्याला कारण आहे. त्याआधीच्या दिवाळीच्या सुट्टीत शेजारचा दहा-अकरा वर्षांचा पोरगा चेंडू घ्यायला भिंतीवरून अंगणात उतरला. दुपारची वेळ, मी आत. आवाज काहीच नाही, म्हणूनच मी बाहेर आले. पोरगा भिंतीला पाठ लावून उभा आणि ब्रुनो त्याच्यासमोर आडवा, खांदा त्याच्या पोटाला टेकवून. बोकडाला अडवला होता तसाच. अंग थांबलेलं. मी नेहमीच्या आवाजात म्हटलं, "ब्रुनो, जागा." त्याने माझ्याकडे बघितलं, पोराकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे. आणि गोणपाटावर जाऊन बसला. मला चिकन आणायचं सुचलं नाही, मीच खाली बसले.

लोक म्हणाले, केवढं शहाणं जनावर. पोराची आई मात्र येऊन जे बोलली ते सगळं बरोबर होतं. पोराने हात उगारला असता, पळायला गेला असता, तर काय झालं असतं हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. भिंतीवर लोखंडी जाळी चढवली, फाटकाच्या आत दुसरं फाटक केलं, आणि मी घरात नसेन तेव्हा तो अंगणात नसतो. दुर्लक्षाचा धडा शेडमधल्या बायकांपुरता होता. भिंतीवरून येणाऱ्या माणसाचा धडा आम्ही घेतलेला नव्हता.

आता तो पाच वर्षांचा आहे. सकाळी उठताना उजवा मागचा पाय जरा जड पडतो. एक्स-रे काढला, खुब्याचा खळगा उथळ आहे; मोठ्या जातींत हे बऱ्याचदा असतं, शिवाय गच्चीच्या जिन्यावरून लहानपणी केलेल्या पळापळीने भर घातली असणार. घरातल्या गुळगुळीत टाइल्सवर जुन्या चादरी अंथरल्या आहेत, इथे मात्र त्यांचा उपयोग झाला. डॉक्टरांनी वजन ४५ वर आणायला सांगितलंय. नसबंदीनंतर ५१ झाला होता. मी ताट मोजून देते, भात बंद केला, चालणं वाढवलं, दर सोमवारी काट्यावर उभा करते आणि भाकरीच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर आकडा लिहिते.

गेले तीन महिने आकडा ४८ च्या खाली येत नाही. गोणपाट आता शेडच्या उंबऱ्याला लागून असतं, अक्काच्या काठवटीपासून हातभर अंतरावर. ती त्याच्याकडे बघत नाही, तो तिच्याकडे बघत नाही. फक्त तिच्या वाटच्या मोडक्या भाकरी रोज दोन कमी भरतात.